वडापनं गेलेला माणूस एआयला दिसतो का?

प्रश्न: सर, मी रोज कॉलेजला सिटी बसनं जाते, म्हणजे जायचा प्रयत्न करते. सकाळी बस आमच्या स्टॉपला येते तेव्हा दारात पोरं लटकलेली असतात, कधी थांबते कधी सरळ पुढं. मग वडाप, म्हणजे माणशी भाडं घेऊन भरून जाणारी खासगी गाडी. परवा वाचलं की आता तिकिटांचा डेटा एआयला देऊन फेऱ्या ठरवता येतात. भाऊ म्हणतोय, आपल्या स्टॉपला तिकिटंच कमी निघतात, एआय आलं की आहे ती फेरी पण जाणार. खरं आहे का? (एक विद्यार्थिनी, फुलेवाडी, कोल्हापूर)

उत्तर: भावाला माझ्या वतीनं एक कटवडा खाऊ घाल, कारण त्यानं नेमकी नस पकडलीय.

कंडक्टरच्या हातातल्या मशीनमध्ये काय जातं ते आधी बघ. कुठनं चढला, कुठं उतरणार, किती वाजता, किती पैसे. बास. एवढ्यातनं पण लई काही निघतं, म्हणजे कुठल्या टप्प्यात बसमध्ये किती माणसं होती ते नुसत्या बेरीज-वजाबाकीनं कळतं, त्याला जीपीएस जोडला की गाडी कुठल्या चौकात किती मिनिटं अडकली ते पण कळतं, आणि एआय म्हणतात ते यावर काय करतं तर मागचे सहा महिने, वर्षभर बघून, परीक्षा, पाऊस, सणवार धरून उद्या किती लोक येतील याचा अंदाज लावतं. पण मशीन ओळखतं फक्त चढलेल्याला. जो स्टॉपवर उभा राहून वैतागला आणि वडापात जाऊन बसला तो त्या डेटात नाहीच. पास नुसता दाखवून चढणाऱ्याचं तिकीट फाटत नसेल तर तो पण नाही.

समजा बसमध्ये बसून-उभं धरून ६० माणसं मावतात आणि तुझ्या आधीच्या स्टॉपलाच ५८ झाली. तुझ्या स्टॉपला २२ जण उभे, चढले दोघं. कॉम्प्युटर लिहिणार, मागणी २. रोज २, महिनाभर २. मग कुणीतरी एसीत बसून म्हणणार की इथं दोनच माणसं असतात, फेरी कमी करा. फेरी कमी केली की अजून लोक वडापला, तिकिटं अजून कमी, आणि रिपोर्टात येणार की अंदाज बरोबर आला! याला सेन्सॉर्ड डिमांड म्हणतात, पिक्चरला कात्री लागते तशी मागणीला लागलेली.

पण भाऊ अर्धाच बरोबर आहे हां. तोच डेटा नीट विचारला तर चोरी पकडून पण देतो. बस तुझ्या स्टॉपला यायच्या आधीच भरलेली होती का? जीपीएसमध्ये गाडी स्टॉपवर थांबलेली दिसते का नुसती पुढं गेलेली? ८:४० च्या गाडीला २ तिकिटं आणि सुट्टीच्या दिवशी त्याच वेळी, गाडी रिकामी असताना, ९ तिकिटं, असं कसं? गाडी भरलेली होती त्या दिवसांचा आकडा म्हणजे मागणी नाही, मागणी निदान तेवढी तरी होती, असं मॉडेलला, म्हणजे अंदाज लावणाऱ्या प्रोग्रामला, सांगावं लागतं. हे सांगणारा माणूस लागतो, ते आपोआप होत नाही.

आणि वही घे. खरंच. तीन दिवस, साडेआठ ते साडेनऊ: बस किती वाजता आली, थांबली का, किती चढले, किती राहिले, त्यातले वडापनं किती गेले. मी तरुणपणी एका नाक्यावर अशीच गाड्यांची मोजणी केलीय, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. नंतर ग्राफ काढला तर रोज साडेदहाला ट्रॅफिक धपकन खाली! साहेबांनी त्यावर अर्धा तास चर्चा केली. आम्ही मोजणारे सगळे त्या वेळी मिसळ खायला जायचो.

प्रश्न: कॅमेऱ्याचा सिग्नल गाड्या मोजून हिरवा कमीजास्त करतो म्हणे. आपल्याकडं चालंल का? (एक दुकानदार, राजारामपुरी)

उत्तर: चालंल, पण कॅमेऱ्याला आपली वाहनं शिकवावी लागतील. साध्या सिग्नलची वेळ आधीच्या मोजणीवरनं काढून ठेवलेली असते, त्याचं गणित वेब्स्टर नावाच्या इंग्रजानं १९५८ साली मांडलंय आणि ते अजून वापरात आहे. गाड्या बघून वेळ बदलणारी यंत्रणा पण नवी नाही, सिडनीत १९७० च्या दशकात झाली, रस्त्याखाली तारेची वेटोळी पुरून. ती लेनमध्ये चालणाऱ्या गाड्यांसाठी. आपल्याकडं दोन लेनमध्ये चार रांगा आणि फटीतनं मोपेड, म्हणून कॅमेरा बरा.

आता ऊसतोडीच्या हंगामातलं चित्र डोळ्यापुढं आणा. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूनं ऊस बाहेर आलेला. जिथं असलं काही नसतं तिथल्या व्हिडिओवर शिकलेला प्रोग्राम त्याला एक ट्रक म्हणेल, तीन गाड्या म्हणेल, नाहीतर झाडच म्हणेल. आणि मोजून भागत नाही, कोण किती जागा आणि वेळ खातं ते धरावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १९९० मध्ये शहरी रस्त्यांसाठी जे आकडे दिलेत त्यात कार १ धरली तर ट्रॅक्टर-ट्रेलर ४, आणि रस्त्यावर त्यांचं प्रमाण वाढलं की ५. तो ट्रॅक्टर हिरव्यावर उठेपर्यंत मागच्यांचा सिग्नल संपतो हे ताराराणी चौकात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. कुणी असली सिस्टीम विकायला आला तर पहिला प्रश्न हाच विचारा, जानेवारीतलं आमचं फुटेज वापरलंय का.

प्रश्न: गुगल मॅपवर रस्ता लाल होतो तो कॅमेरा बघून का? (एक रिक्षावाले मामा, गंगावेश)

उत्तर: नाही मामा, तुमच्या आमच्या खिशातल्या फोनवरनं. फोन हळू सरकले की लाल. २०२० मध्ये बर्लिनला एका कलाकारानं छोट्या हातगाडीत ९९ फोन भरून रिकाम्या रस्त्यानं ती ओढत नेली, मॅपवर रस्ता लाल. त्यामुळं नवरात्रात अंबाबाईला चालत जाणाऱ्यांची गर्दी असताना महाद्वार रोडच्या बाजूला मॅप काय दाखवतोय ते बघू नका, भाडं सोडून आलेल्या दुसऱ्या रिक्षावाल्याला विचारा.