'गॉलिंग'ला 'झीज' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: स्टेनलेस स्टीलच्या नट-बोल्टांच्या जोडणीचं सूचनापत्रक मराठीत आणताना 'प्रिव्हेंट गॉलिंग अँड वेअर' या ओळीसाठी 'झीज टाळा' एवढं पुरेल, की 'गॉलिंग'ला वेगळा शब्द लागेल?

वेगळा लागेल. गॉलिंग म्हणजे आवळताना धातूचे आटे एकमेकांना चिकटून धरले जाणं. 'झिजणे'मध्ये कमी होणं मुळातच आहे: संस्कृत क्षीयते, प्राकृत झिज्जइ, मराठी झिजणे, 'क्षय' हा त्याचाच भाऊबंद. सहाणेवर चंदन झिजतं, चपलेची टाच झिजते, उंबरठा झिजतो. वस्तू दर वेळी थोडी कमी होते आणि हे सावकाश चालतं. यंत्रातलं 'वेअर' बहुतेकदा असंच असतं. भार आणि घासण्याचं अंतर वाढेल तसं जास्त द्रव्य जातं, पृष्ठभाग कठीण असेल तर कमी जातं. म्हणूनच बुशची (दांडा ज्यात फिरतो त्या नळीची) झीज मोजता येते आणि तो कधी बदलायचा याचा अंदाज बांधता येतो. 'वेअर'ला 'झीज' चपखल आहे.

गॉलिंगमध्ये धातू जाण्याआधी वर उचलला जातो. ३०४ किंवा ३१६ या ग्रेडच्या स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. नट आवळताना आट्यांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांवर दाबले जातात, तो थर फाटतो आणि उघडा धातू उघड्या धातूला भिडून तिथल्या तिथे जुळतो. वितळावं लागत नाही. नट पुढे फिरवला की तो सांधा तुटतो, पण नेमका मूळच्या जागी नाही. एका बाजूचा तुकडा दुसऱ्या बाजूला चिकटून राहतो. आता तिथे गाठ झाली. हे स्टील ताणलं की अधिक कठीण होतं, त्यामुळे ती गाठ पुढचा आटा नांगरत जाते. उष्णता वाहून न्यायलाही स्टेनलेस कच्चं, साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून घासण्याची उष्णता तिथेच साठते. दोन-चार फेऱ्यांत खेळ संपतो. झिजायला वर्षं लागतात, याला मिनिटही पुष्कळ झालं.

कारखान्यात याला सरळ 'जाम झाला' म्हणतात. बोलताना ठीक, पण पत्रकात हा शब्द घात करतो, कारण गंजलेला बोल्टही 'जाम'च असतो आणि दोघांचे उपाय वेगळे. गंजलेल्याला भेदक तेल सोडायचं, मुरू द्यायचं, पुढे-मागे हलवत काढायचा. इथे आटे एकमेकांत रुतलेले असतात. तेल शिरायला फट नसते आणि जोर लावाल तेवढी नवी गाठ. फिरवताना अचानक जड लागलं की लगेच थांबायचं, निवू द्यायचं, तेल सोडून हळू मागे घ्यायचा. पूर्ण धरला असेल तर कापण्यावाचून इलाज नाही. नवाकोरा, चकचकीत बोल्ट आवळतानाच अडला तर तो गंज नव्हे, एवढी खूणगाठ बांधली तरी पुष्कळ.

इंग्रजी 'गॉल' या शब्दाचा एक अर्थ खोगीर किंवा जू घासून जनावराच्या कातडीला होणारी जखम. मराठीत हाच अनुभव रोजच्या बोलण्यात आहे: नवी चप्पल चावते. ती पाय झिजवत नाही, कातडी सोलून फोड उठवते. म्हणून माझं मत 'चावणे' या क्रियापदाला. 'आटे एकमेकांना चावले' म्हटलं की दात रुतणं, धरून ठेवणं, उचकटताना लचका निघणं सगळं येतं. 'आसंजक घर्षणक्षती'सारखं काही घडवलं तर ते वाचून फिटर पान्हा खाली ठेवेल असं वाटत नाही. 'ओरखडे' आणि 'खरवडणे' मात्र कचकणांनी घासलं जातं त्यासाठी राखून ठेवावेत. ती तिसरीच भानगड.

आणखी एक सापळा 'लुब्रिकेट'चा. 'तेल लावा' लिहिलं तर माणूस मशिनचं पातळ तेल लावील आणि आट्यांवरच्या दाबाखाली ते पिळून बाहेर जाईल. इथे निकेल किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे घन कण असलेली अँटी-सीझ (आटे धरू न देणारी) पेस्ट लागते. 'वंगण' हा शब्द बैलगाडीच्या आसापासून चालत आलेला, चांगला आहे. 'घन कणांचं वंगण' म्हटलं की भागतं. मात्र ऑक्सिजनच्या लाइनवर साधं तेल-ग्रीस चालत नाही, आग लागते. तिथे ऑक्सिजनसाठी मान्य केलेलंच हवं. अन्नपदार्थांच्या यंत्रांवर फूड-ग्रेड.

वंगण लावल्यावर घर्षण घटतं, म्हणून टॉर्क (आवळण्याचा पीळ) तोच ठेवला तर बोल्ट जास्त ताणला जातो, हे भाषांतरात हमखास गळतं. एम१२ चा (१२ मिमी व्यासाचा) ए२-७० या स्टेनलेस वर्गातला बोल्ट घ्या: आट्यांचं क्षेत्र ८४.३ चौ. मिमी, यील्ड (ज्या ताणापुढे बोल्ट कायमचा लांबतो तो) ४५० एमपीए. त्याच्या ६५ टक्के ताण द्यायचा तर ओढ सुमारे २४.७ किलोन्यूटन. टॉर्क गुणांक (घर्षणावर ठरणारा आकडा) ०.२ धरला तर ५९ न्यूटन-मीटर, पेस्ट लावून ०.१३ झाला तर ३८-३९. म्हणून टॉर्कच्या आकड्याशेजारी 'कोरडा' की 'वंगण लावून' हे लिहायलाच हवं, आणि गुणांक पेस्टच्या माहितीपत्रकातून घ्यावा.

ती ओळ मी अशी करीन: 'आटे एकमेकांना चावू नयेत व झिजू नयेत यासाठी ते पुसून स्वच्छ करा, घन कणांचं वंगण सगळीकडे लावा, नट हाताने सुरू करा आणि हळू आवळा, इम्पॅक्ट रेंच वापरू नका.' मूळ पत्रकात नट वेगळ्या धातूचा सांगितला असेल तर 'वेगळ्या ग्रेडचा' एवढ्यावर सोडू नका. ३०४ वर ३१६ चा नट हीही वेगळी ग्रेडच, पण दोन्ही एकाच स्वभावाची, फरक थोडाच पडतो. ब्राँझ किंवा नायट्रॉनिक ६० (सहसा न चावणारं खास स्टेनलेस) असेल तर तसं नाव घालून लिहा.