मंगळ ‘वक्री’ होतो म्हणजे तो खरंच उलटा फिरतो का? आणि सगळे ग्रह एकाच दिशेने का जातात?

तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत. पंचांगात ‘मंगळ वक्री’ छापलेलं असतं तेव्हा तो खरोखर मागे जातो का, हा पहिला. आणि सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच बाजूने फिरतात असं शाळेत शिकवतात, तर ती बाजू ठरवली कुणी, हा दुसरा. वरवर वेगळे वाटले तरी हे दोन्ही प्रश्न शेवटी एकाच जागी जाऊन पोचतात, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

आकाशात तो मागे जाताना दिसतो, हे शंभर टक्के खरं. स्वतःच्या कक्षेत मात्र तो एक क्षणही मागे जात नाही.

मी ज्योतिषी नाही आणि खगोलशास्त्रज्ञही नाही. सांगलीच्या बाहेर राहतो, गच्ची आहे, एक जुनी दुर्बीण आहे आणि रात्री झोप जरा उशिरा लागते. २०२४ च्या डिसेंबरात ठरवलं की यंदा मंगळाचं वक्री होणं पंचांगात वाचायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. चौकटीच्या वहीत आजूबाजूचे तारे काढून घेतले आणि आभाळ मोकळं असेल त्या दिवशी मंगळाच्या जागी लाल पेनाने एक ठिपका. मोजमापाला हात पुरतो. हात ताणून धरला की बंद मूठ साधारण १० अंश व्यापते.

डिसेंबरच्या सुरुवातीला मंगळ रात्री साडेनऊच्या आसपास उगवायचा. होता पुष्य नक्षत्रात, तिथल्या ताऱ्यांच्या पुंजक्याला जवळजवळ चिकटून. दुर्बिणीतून पुंजका आणि मंगळ एकाच वेळी दिसायचे. ७ डिसेंबरच्या आगेमागे आठवडाभर माझे ठिपके एकमेकांवरच पडले. पेनाची शाई वाया, असं घरच्यांचं मत. पंचांगवाले याला ‘स्तंभी’ म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे, ग्रह खांबासारखा उभा राहतो. मग ठिपके पश्चिमेकडे सरकायला लागले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळ पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला, तिघे फूटपट्टीने आखल्यासारखे. सूर्य मावळला की हा पूर्वेला हजर, आणि डिसेंबरपेक्षा कितीतरी तेजस्वी. २४ फेब्रुवारीला तो पुन्हा थबकला आणि पूर्वेकडे वळला, म्हणजे ‘मार्गी’ झाला. ऐंशीएक दिवसांत तो सुमारे १९ अंश मागे आला होता, माझ्या दोन मुठींना थोडा कमी. मे महिना उजाडला तेव्हा स्वारी परत त्याच पुष्याच्या पुंजक्यापाशी.

आता हे होतं कसं? त्याच दिवसांत आमच्याकडे गळिताचा हंगाम असतो. एसटीने कोल्हापूरला निघा आणि खिडकीशी बसा. पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललेला असतो. लांब असतो तोवर तो मागच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर पुढेच सरकताना दिसतो. एसटी त्याला गाठते, शेजारून जाते, आणि त्या वेळेपुरती नजर डोंगरावर ठेवलीत तर ट्रॅक्टर चक्क मागे घसरताना दिसेल. एसटी बरीच पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलंत तर तो आपला पुढेच येत असतो. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेकसुद्धा लावलेला नसतो, रिव्हर्स तर सोडाच.

आपली पृथ्वी म्हणजे एसटी आणि मंगळ म्हणजे ट्रॅक्टर. पृथ्वी सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर जाते, मंगळ २४. शिवाय आपली धाव आतल्या बाजूची, म्हणून अंतरही कमी. त्यामुळे दर ७८० दिवसांनी, म्हणजे दोन वर्षं आणि पन्नासेक दिवसांनी, आपण त्याला गाठतो. गाठतो त्या दिवशी सूर्य एका बाजूला, मंगळ बरोबर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आपण. हीच प्रतियुती. त्या वेळची १६ जानेवारी २०२५ ला होती, वक्री काळाच्या साधारण मधोमध. तेव्हा मंगळ साडेनऊ कोटी किलोमीटरच्या आसपास होता. सूर्यापलीकडे असतो तेव्हा हेच अंतर चाळीस कोटींपर्यंत जातं. मंगळ वक्री असताना ठळक का दिसतो, ते यातूनच कळतं.

चालत्या वाहनातून पाहणाऱ्याची ही फसगत आपल्याकडे नवी नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास नावेचं उदाहरण दिलंय: नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. तो बोलत होता पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल, वक्री ग्रहांबद्दल नव्हे. पण नाव, एसटी आणि पृथ्वी यांची जातकुळी एकच.

पंचांग हाताशी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. सूर्य आणि चंद्र कधीच वक्री होत नाहीत. चंद्र खरोखर आपल्याभोवती फिरतो, त्याला ओलांडून जायचा प्रश्नच नाही. सूर्याचं राशींमधून सरकणं म्हणजे तर आपल्याच फिरण्याचं प्रतिबिंब. राहू-केतू मात्र कायम उलटेच चालतात, कारण ते ग्रह नव्हेतच. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तेच हे दोन बिंदू आहेत, आणि ते साडेअठरा वर्षांहून थोड्या जास्त काळात उलटी फेरी पुरी करतात. फलज्योतिषाबद्दल मी इथे काही बोलणार नाही. पंचांगातलं ग्रहगणित मात्र बघण्यासारखं असतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. त्या एसटीच्या गोष्टीत एक अट मी गुपचूप घातली होती: दोन्ही वाहनं एकाच दिशेने जाणारी. मंगळ आपल्या उलट दिशेने फिरत असता तर जवळ येताना तो समोरून येणाऱ्या ट्रकसारखा सुसाट निघून गेला असता. हे थबकणं, मागे येणं, पुन्हा थबकणं प्रतियुतीच्या वेळी दिसलंच नसतं. शिवाय दोघांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत आहेत, मंगळाची कक्षा आपल्या कक्षेशी जेमतेम १.८५ अंशांचा कोन करते. त्या एवढ्याशा तिरकेपणामुळे माझे ठिपके आले त्याच रेघेवरून परत गेले नाहीत, थोडे वरून गेले आणि वहीत लांबट फास तयार झाला. बाकीच्यांचंही असंच. बुधाचा कोन ७ अंश, शुक्राचा साडेतीनला थोडा कमी, गुरूचा सव्वाच्या आसपास. आठच्या आठ ग्रह एका ताटात ठेवल्यासारखे.

हे ताट कुठून आलं? ग्रहांच्याही आधीपासून ते होतं, त्यातूनच ग्रह झाले.

सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी इथे वायू आणि धुळीचा एक थंडगार ढग होता. हा आकडा अंदाजपंचे नाही. १९६९ मध्ये मेक्सिकोत अयेंदे नावाची अशनी, म्हणजे आकाशातून आलेला दगड, पडली. तिच्यात पांढरट खड्यांसारखे कण सापडले, सूर्यमालेतले सर्वांत जुने घनपदार्थ. त्या प्रकारच्या कणांमधलं शिसं मोजून हे वय काढलंय. तर असा ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळायला लागला. कुठल्याही ढगात थोडासा गरगराट असतोच, सगळे कण काही एकमेकांचा हिशोब चुकता करून बसलेले नसतात. पण ढग आक्रसला की तो बारीकसा गरगराट वाढतो. फुगडी घातली असेल त्यांना हे सांगायला नको: हात ताणून मागे झुकलात की फेरा संथ, कोपरं वाकवून जवळ आलात की भोवंड. भौतिकशास्त्रात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात, नागपंचमीला नुसतीच फुगडी म्हणतात.

गोल ढग चपटा का झाला, हा खरा मजेचा भाग. अंगारकीच्या गर्दीत देवळाला प्रदक्षिणा घालणारी माणसं डोळ्यांपुढे आणा, पण रांगा लावणारे स्वयंसेवक नाहीत असं समजा. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून, कुणी तिरका घुसतोय. सगळे एकमेकांना धडकणार. धडकांमध्ये उलटसुलट रेटे एकमेकांना मारून टाकतात, आणि ज्या बाजूचं माप सुरुवातीला रतीभर जास्त होतं तेवढंच शिल्लक उरतं. ढगातही तेच झालं. वर जाणारे आणि खाली येणारे कण मधल्या पातळीत आपटले, त्यांची वर-खाली हालचाल उष्णता होऊन निघून गेली. पण गोल फिरण्याचा जो एकूण हिशोब होता तो कुठे जाणार? तो राहिला. एक पातळ, फिरती तबकडी तयार झाली आणि मधोमध सूर्य. आजही सूर्य स्वतःभोवती त्याच बाजूने फिरतो ज्या बाजूने ग्रह त्याच्याभोवती फिरतात. तेव्हा दिशा कुणी ठरवली, तर त्या ढगातल्या उरल्यासुरल्या गरगराटाने. तो उलटा असता तर आपण सगळेच उलटे फिरलो असतो आणि वक्री ग्रह तरीही असेच दिसले असते.

ही कल्पना जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७५५ मध्ये आणि फ्रेंच गणिती लाप्लासने १७९६ मध्ये मांडली. तेव्हा ती नुसती बुद्धीची झेप होती. आज तसं ताट दाखवता येतं. रोहिणी तारा तुम्हाला ओळखता येत असेल. त्याच्यापासून साधारण दोन अंशांवर, म्हणजे ताणलेल्या हाताच्या अंगठ्याएवढ्या अंतरावर, एचएल टॉरी नावाचा एक अगदी तान्हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तो रोहिणीच्या कितीतरी मागे, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी त्याचं चित्र घेतलं. त्यात ताऱ्याभोवती झळाळती तबकडी, आणि तबकडीत जुन्या ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखी काळी गोल कडी. बनणारे ग्रह वाटेतली धूळ साफ करतात त्याच्या या खुणा असाव्यात.

तबकडीतून ग्रह कसे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे. धूळ धुळीला चिकटली, खडे झाले, खड्यांचे थवे एकत्र कोसळून किलोमीटरच्या मापाचे गोळे झाले, गोळे आपटत-जुळत ग्रह झाले. सूर्याजवळ उष्णतेने पाण्याचं बर्फ टिकेना, म्हणून आत फक्त दगड आणि धातू: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. बाहेर बर्फही हाताशी होतं, तिथे गाभे झटपट मोठे झाले आणि तबकडीतला वायू उडून जायच्या आत गुरू-शनीने तो ओरपला. गुरू एकटा ३१८ पृथ्वींएवढा जड आहे.

मग तो सूर्यात पडत का नाही, कुठलाच ग्रह का पडत नाही? पडतातच की, सतत. पृथ्वी एका सेकंदात सूर्याकडे फक्त ३ मिलिमीटर पडते, पण तेवढ्यात ३० किलोमीटर बाजूला निघून जाते. बाजूला जाण्याचा हा वेग त्या तबकडीकडून आलेला आहे.

जितका लांब तितका संथ, आणि या संथपणाला नियम आहे. तो खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१९ मध्ये मांडला: सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या पटीत घ्या, त्याचा घन करा, वर्गमूळ काढा, वर्षं मिळतात. गुरू ५.२ पट लांब. घन १४०.६, वर्गमूळ ११.८६. गुरू कन्या राशीत आला की आमच्या नृसिंहवाडीची कन्यागत, सिंहेत आला की नाशिकचा सिंहस्थ. दोन्ही साधारण बारा वर्षांनी का येतात ते कळलं? माझी आजी लग्नाचं साल कन्यागतीवरूनच सांगायची, म्हणजे गुरूच्या फेऱ्या मोजायची. आणि पूर्ण १२ नसून ११.८६ असल्याने कधीतरी एक वर्ष आधी यावं लागतं. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ लाच झाला. शनी ९.५४ पट लांब, हिशोबाने साडेएकोणतीस वर्षं. बारा राशींत वाटली की राशीमागे अडीच वर्षं, तीन राशींचे साडेसात. साडेसातीला लोक घाबरतात ती घाबरोत, पण तिच्या नावातच केप्लरचा नियम दडलेला आहे.

अपवाद आहेत, आणि कुणीतरी खाली विचारेलच म्हणून आधीच लिहितो. शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो, युरेनस ९८ अंश कलंडून आडवा लोळतो. पण हे परिवलन झालं. परिभ्रमणात, म्हणजे सूर्याभोवती, दोघेही निमूटपणे सगळ्यांच्याच दिशेने जातात. युरेनसच्या कलंडण्यामागे पुढे कधीतरी बसलेली मोठी धडक असावी असं बहुतेकांचं मत आहे. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन उलटा फिरतो, तो बहुधा बाहेरून पकडून आणलेला. हॅलीचा धूमकेतूही सूर्याभोवती उलटाच जातो.

स्वतः बघायचं असेल तर मंगळाची पुढची संधी १९ फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीची आहे, मघा ताऱ्याच्या अगदी जवळ. त्या वेळी शेजारी, साधारण एका मुठीच्या अंतरावर, गुरूही वक्री असेल. ऑक्टोबर २०२६ अखेर सिंहेत शिरलेला गुरू तेव्हा पंचांगाप्रमाणे परत कर्केत आलेला असेल. वही डिसेंबरातच घ्या, कारण वळण्याआधीचे ठिपके नसतील तर वळल्याचं कळत नाही. आणि पेन लालच पाहिजे असं काही नाही.