भावाला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) निघालंय, शुगर आधीपासून आहे आणि सिगरेटही चालू आहे, आयुष्य किती धरायचं?

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, ग्वाल्हेरला लश्करमधे राहते आणि निदान झालं तेव्हा हाच प्रश्न रात्र रात्र गूगल केला होता. तुम्हाला आकडा हवाय तर घ्या. नॉर्वेत हॉर्डालँड भागातल्या ६० वर्षांच्या नोंदी बघितल्या तेव्हा एमएसवाल्यांचं आयुष्य ७४.७ वर्षं निघालं, बाकी लोकांचं ८१.८. कॅनडात मॅनिटोबाला ७५.९ आणि ८३.४. म्हणजे सातेक वर्षांचा फरक, आणि त्यातही नॉर्वेच्या यादीत पार १९५३ पासूनचे पेशंट आहेत, एमएसचं पहिलं औषध इंटरफेरॉन अमेरिकेत मंजूर झालंच १९९३ ला, मग त्याआधीच्यांना काय मिळत असणार! आपल्याकडचं सरासरी वय वेगळं, तेव्हा ७४ हा आकडा भावाला चिकटवू नका, फक्त फरक बघा.

मला तर एमएसपेक्षा ती शुगर आणि सिगरेटच जास्त खटकली. २०१० साली अमेरिकेतल्या हजारो पेशंटांचा अभ्यास आला होता, निदानापासून चालायला आधार लागेपर्यंत किती वर्षं जातात त्याचा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, हार्ट यातलं काहीच नसलेल्यांना १८.८ वर्षं, यातलं काही असलेल्यांना १२.८. सहा वर्षांचं चालणं आहे हो ते. आणि सिगरेटने एमएस लवकर वाढतो हे तर आता कुठलाही न्यूरोलॉजिस्ट सांगेल.

घोळ असा होतो की एकदा एमएसचं लेबल लागलं की घरचे, डॉक्टर, आपण स्वतः, सगळे सगळंच एमएसच्या खात्यात टाकतो. मी थकून पडायचे तर "एमएस आहे ना, होणारच", शेवटी एका फिजिशियनने साधी रक्ताची तपासणी करवली आणि थायरॉईड निघाला, गोळी सुरू झाल्यावर बराच फरक पडला. न्यूरोवाले एमआरआय बघतात, बीपी कोण बघणार? म्हणून एक फिजिशियन वेगळा धरा.

इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पाय लटपटतात, डोळ्यांपुढे धूसर होतं, गारव्यात बसलं की उतरतं, त्याला घाबरू नका. पण तसंच तापाने किंवा लघवीच्या इन्फेक्शननेही होतं, तेव्हा एमएसचा नवा अटॅक समजून स्टेरॉईड घ्यायच्या आधी लघवी तपासायला सांगा. भावाला तर नक्कीच, स्टेरॉईडने शुगर भडकते. आजार फार वाढलेल्यांमधे बरेच मृत्यू अशा इन्फेक्शननेच होतात, न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन रक्तात जाणं, बेडसोअर, गिळताना ठसका लागून अन्न फुफ्फुसात जाणं.

आणि डिप्रेशन. एमएसमधे ते फार कॉमन आहे, आत्महत्येचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो, आणि आपल्या मराठी घरांत "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून विषय संपतो! भाऊ गप्प गप्प राहायला लागला, झोप उडाली तर सायकियाट्रिस्टकडे न्या, त्यावर औषध आहे.

पुढच्या अपॉइंटमेंटला एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल, थायरॉईड, व्हिटॅमिन बी१२ आणि डी३ एकदमच लिहून मागा, आणि सिगरेट सोडायच्या औषधाचंही तिथेच विचारा. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, त्रास वाढला तर सर्टिफिकेटसाठी अर्ज करता येतो, फायली नीट जपून ठेवा.