'युद्धात सगळेच असं करतात' म्हटलं आणि लेक चिडली

प्रश्न : माझी लेक १४ वर्षांची आहे. तिने होलोकॉस्टवरची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावरची एक कादंबरी वाचली, तिच्या वयाच्या मुलांसाठीचीच. पोलंडमधल्या वॉर्साच्या घेट्टोतली, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतली एक मुलगी, तिचे वडील तिथल्या, जर्मनांच्या हुकमाखालच्या ज्यू पोलिसात, आणि ते आपलं घर वाचावं म्हणून शेजाऱ्यांनाच धरून छावणीकडे जाणाऱ्या गाडीवर पोचवतात. लेकीने विचारलं, आई, तो माणूस वाईट होता का गं? मी पटकन म्हणून गेले, अगं युद्धात सगळेच असं करतात. तेव्हापासून धड बोलत नाहीये. असली पुस्तकं या वयात द्यावीत का, आणि आता तिला काय सांगू?

उत्तर : ताई, पुस्तकं जरूर द्या. होलोकॉस्टमध्ये मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंमध्ये अंदाजे १५ लाख मुलं होती, मग मुलांनी ते वाचायचं नाही तर कोणी. आणि लेकीचा राग मला पटला, कारण तुमचं ते वाक्य खरंच चूक आहे.

तिच्या कादंबरीतला बाप घ्या. २२ जुलै १९४२ ला वॉर्सातून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला गाड्या सुटायला लागल्या, दोन महिन्यांत अडीच लाखांच्या वर माणसं गेली. जर्मनांनी घेट्टोच्या कारभारासाठी नेमलेल्या ज्यू कौन्सिलचा प्रमुख अॅडम चेर्नियाकोव याने दुसऱ्याच दिवशी विष घेतलं, कारण माणसं तिकडे पाठवायच्या कामाला त्याला हातभार लावायचा नव्हता. ज्यू पोलिसांना पुढे पुढे जर्मनांचा हुकूम आला की प्रत्येकाने रोज पाच माणसं आणायची, नाहीतर तुमच्याच घरची नेऊ. रोज पाच! म्हणजे तो बाप सकाळी टोपी घालून निघतो तेव्हा त्याला माहितीये की संध्याकाळी चार झाली तर पाचवी घरातून जाणार. एवढं करूनही २१ सप्टेंबरला त्यातल्या बहुतेक पोलिसांना बायकापोरांसकट त्याच गाडीत घातलं.

आता त्याच पोलंडमधलं, त्याच जुलै महिन्यातलं दुसरं गाव बघा, युझेफूव. तिथे जर्मन पोलिसांची १०१ नंबरची राखीव बटालियन होती, बरेचसे हॅम्बुर्गचे मध्यमवयीन संसारी लोक. गावातल्या ज्यू बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या होत्या आणि मेजर ट्रापने आधीच सांगितलं की ज्या वयस्कर माणसांना हे जमणार नाही त्यांनी पुढे यावं. पाचशेच्या आसपास माणसांतून सुरुवातीला डझनभर पुढे आले. त्यांना कोणी गोळी घातली नाही, जेलमध्ये टाकलं नाही, दुसरं काम दिलं. बाकीच्यांतले काही नंतर बाजूला झाले पण बहुतेकांनी दिवसभर गोळ्या घातल्या, दीड हजाराच्या आसपास जीव गेले.

'सगळेच करतात' म्हटलं की हे दोघं एकाच पारड्यात बसतात, आणि बाजूला झालेले ते डझनभर तर पुसलेच जातात. बापाने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये, त्याने ज्यांना नेलं त्यांचीही लेकरं होतीच की, आणि चेर्नियाकोवने वेगळं केलं हेही आहेच. पण त्याला दोन्हीकडून कोंडलं होतं आणि कोंडणारा दुसराच होता, तर युझेफूवला दार उघडं होतं. म्हणून वाईट का चांगला हे विचारायच्या आधी लेकीला विचारा, याच्या हातात नेमकं काय होतं? 'नाही' म्हटलं असतं तर पुढच्या तासाभरात काय झालं असतं?

पुस्तक निवडताना मात्र एक बघा. छावणीच्या कुंपणाला टेकून निवांत गप्पा मारणारी छोटी मुलं असलेल्या गोड गोष्टी असतात, त्या मला नको वाटतात. आउशवित्झच्या मृत्युछावणीत गाडीतून उतरलेल्या छोट्या मुलांना बहुतेक वेळा थेट गॅस चेंबरकडेच नेत होते, त्यांना गप्पा मारायला वेळच नव्हता.

आज तिच्याजवळ बसा, सॉरी म्हणा आणि पुस्तकातलं, बाप शेजाऱ्यांना धरून नेतो ते प्रकरण तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मध्येच ती रडली तर समजूत घालायची घाई करू नका.