वाचकांचे प्रश्न : कोंबड्यांसाठी वनस्पतींचे अर्क

प्रश्न : बार्शी तालुक्यात आमच्या गावरान कोंबड्या आहेत. पिलांना कडुनिंबाचा अर्क रोज पाण्यातून द्यावा का? उवांसाठी सीताफळाच्या बियांचा अर्क चालेल का? – एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : रोज देऊ नये. पिलांच्या खाद्यात २ ते ५ टक्के कडुनिंबाचा पाला मिसळलेल्या प्रयोगांत वाढ खुंटून यकृतावर दुष्परिणाम आढळले. शिवाय अर्कात द्रव्ये एकवटलेली असल्याने मात्रा सहज चुकते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात कडवट पाणी टाळणारे पिलू उष्माघाताने दगावू शकते, ही मला मोठी काळजी वाटते. सीताफळाच्या बिया तर विषारीच असून त्यांचा अर्क डोळ्यांना, आपल्यासुद्धा, गंभीर इजा करतो. तो मुळीच वापरू नये. उवांसाठी पशुवैद्यकाने सांगितलेले औषधच वापरावे.