म्हाताऱ्या माकडाला नव्या पिंजऱ्यात न्यायचं का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मदाऱ्याकडून सोडवलेलं लाल तोंडाचं माकड, वय अंदाजे पंचवीस, मागचे पाय आखडलेत, सेंटरला आता मोठा उंच पिंजरा झाला म्हणून साहेब म्हणतात हलवा त्याले तिकडे, अन् तुम्ही अमेरिकेतल्या रिटायर चिंपांझींचं वाचून विचारता की त्यातलं आपल्याकडे काय जमते. जमते बाप्पा, बरंच जमते, पैसा कमी लागते पण रोजचा वेळ लागते. मी यवतमाळकडे अकरा वर्षं हेच करतो, पगार तेवढा विचारू नका.

हलवायच्या गोष्टीवर तिकडेही भांडण झालंय. प्रयोगातून सुटलेल्या सरकारी चिंपांझींसाठी अमेरिकेनं २००० साली कायदा केला, त्यातून लुइझियानात चिंप हेवन हे रिटायर चिंपांझींचं घर उभं राहिलं. २०१९ मध्ये न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोला उरलेल्या ४४ चिंपांझींबद्दल एनआयएचनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं, ठरवलं की हे थकलेत, प्रवास झेपणार नाही, इथंच राहू द्या. प्राणीवाले कोर्टात गेले अन् २०२२ मध्ये कोर्ट म्हणालं, असं करणं कायद्यात बसत नाही. मला दोघांचंही पटते. पण त्यांचा प्रवास दुसऱ्या राज्यातला होता, तुमचा आवाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाचा आहे, म्हणून हलवा, फक्त जाळी टाकून धरू नका. दोन पिंजऱ्यांच्या मधात ट्रॅपचा डबा लावा, दोन्ही दारं उघडी ठेवा, रोजचं खाणं थोडं थोडं पुढं सरकवा, त्याचं अंगाखालचं पोतं धुवू नका, तसंच तिकडे न्या. पंधरा दिवस लागो की दीड महिना. अन् बाजूच्या पिंजऱ्यात जी माकडीण आहे म्हणता, जिच्याजवळ तो दुपारी जाळीला टेकून बसते, ती आधी तिकडे गेली पाहिजे. ती इकडेच राहणार असेल तर नवा पिंजरा कितीही मोठा असू द्या, मी हलवणार नाही.

जाळीचं एवढं काऊन सांगतो तर आमच्याकडे एक म्हातारी माकडीण होती, दाढ सडली होती, आम्ही चौघांनी जाळीत धरली, भूल दिली, ती उठलीच नाही. दाढेचं काम झालं होतं बरं का. नंतर वाचलं की पिंजऱ्यातले चिंपांझी सगळ्यात जास्त हृदयाच्या आजारानं जातात, त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चट्टे धरतात, आपल्यासारखी नस चोंदायचा प्रकार कमी, अन् अशा हृदयाला भूल देणं म्हणजे जोखीमच, म्हणून तिथले लोक त्यांना जागेपणीच छाती जाळीला लावून बसायला शिकवतात, एक जण ज्यूस पाजते, दुसरा सोनोग्राफीचं यंत्र धरते. सुईसाठी दंडही तसाच पुढं करतात. आमच्याकडे यंत्र कुठलं, पण दंडाचं जमलं. चुटकी वाजवायची अन् लगेच फल्लीचा एक दाणा, आधी नुसतं जाळीजवळ यायला, मग खांदा टेकवायला, मग बोथट काडी लावू द्यायला. तीन महिने गेले. हे तो धड आहे तोवरच करून घ्या, दुखायला लागल्यावर तो तुमचं काही ऐकत नसते.

उंच पिंजऱ्याचं कौतुक साहेबांना असू द्या. आखडलेल्या पायाला उंची म्हणजे पडायची सोय. चिंपांझींच्या म्हाताऱ्या गटाला तिथं उतरते रॅम्प अन् बुटके माचे करून देतात, अग्निशमनवाल्यांच्या जुन्या पाइपाचे झुले विणतात. आम्ही जिनिंगमधला टाकाऊ पट्टा आणला, गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणला, फर्स्टक्लास काम. नवारीची पट्टी चुकूनही लावू नका, धागे सुटतात अन् बोटाला फास बसते. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा वाळ्याचे ताटे अन् खाली ओली रेती, पण अर्धाच भाग ओला, थंडीत कुटाराचा जाड थर.

खाण्यात, मदारी लोक सुळे काढून टाकतात (माकडांचे खेळ १९९८ लाच बंद झाले, पण ऐकते कोण), तेव्हा फुटाणे बंद करा, उकडलेले हरभरे, मऊ भाकर, पालेभाजी. केळ जास्त नको, साखर होते त्यांनाही. गोळी दिली की पाच मिनिटं तिथंच उभे राहा, लाल तोंडाचं गालाच्या थैलीत ठेवते अन् तुम्ही वळले की थुकते, आमच्या एकानं आठवडाभर असं फसवलं. घरातली दुखण्याची गोळी तर देऊच नका, डॉक्टर देईल तेच. अन् स्वतःला खोकला असेल तर त्या दिवशी पिंजऱ्यात दुसऱ्याले पाठवा, आपला टीबी त्यांना लागते. चावलं, बोचकारलं तर पंधरा मिनिटं साबणानं धुवून लगेच दवाखाना, लाजू नका.

तुम्ही वजन लिहिलंच नाही. खायच्या जागी फळीखाली काटा ठेवा, दर सोमवारी तो आपोआप बसते, वहीत मांडा. चार सोमवारचे आकडे झाले की इथं टाका, मग पायाच्या औषधाचं बोलू.