निबंधातल्या परिच्छेदात ‘विश्लेषण’ म्हणजे नेमकं काय लिहायचं?

तुम्ही म्हणता, मुद्दा-पुरावा-स्पष्टीकरण हा साचा पाळूनही प्रत्येक निबंधावर ‘माहिती भरपूर, विश्लेषण नाही’ असाच शेरा येतो. मी बरीच वर्षं निबंध तपासतो आहे. हा शेरा अर्धवट आहे असं माझं मत आहे: काय नाही ते कळतं, काय हवं ते कळत नाही. म्हणून एक उदाहरणच घेतो.

विषय समजा १८५४ मधली लंडनच्या सोहो भागातली कॉलऱ्याची साथ. बहुतेक वेळा परिच्छेद असा येतो: ‘डॉ. जॉन स्नो यांनी साथीचा अभ्यास केला. त्यांनी मृत्यू नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती जास्त मृत्यू आढळले. त्यामुळे कॉलरा पाण्यातून पसरतो हे सिद्ध झाले.’

सगळा भार ‘त्यामुळे’ या एका शब्दावर पडलाय आणि तो त्याला पेलत नाही. त्या काळी बहुतेक डॉक्टर रोगाचं कारण दूषित हवा मानत. पंपाभोवती मृत्यू दाटलेत, एवढंच दाखवलं तर ते म्हणतील, तिथली हवाच वाईट असेल! पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतोय. विश्लेषणाचं काम इथून पुढे सुरू होतं.

आता हा परिच्छेद वाचा: ‘स्नो यांचा युक्तिवाद नकाशातल्या दाटीपेक्षा अपवादांवर अधिक भक्कम उभा आहे. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते, पण त्यांच्यात कोणालाही गंभीर कॉलरा झाला नाही. त्यांना प्यायला बिअर मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने दगावली; ती त्याच पंपाचं पाणी मुद्दाम मागवून पीत असे. हवा कारण असती, तर कामगार आजारी पडायला हवे होते आणि ती बाई वाचायला हवी होती. घडलं ते नेमकं उलटं, आणि त्याचा उलगडा पाण्यानेच होतो.’

‘हवा कारण असती, तर’ हे वाक्य कुठल्याही नोंदीतून उचललेलं नाही. ते लिहिणाऱ्याने स्वतः विचार करून घातलंय, आणि ते काढलं तर उरते फक्त माहिती. पहिलं वाक्यही बघा. ‘स्नो यांनी अभ्यास केला’ यावर कोणी वाद घालणार नाही. ‘अपवादांवर अधिक भक्कम’ यावर घालू शकेल. वाद घालण्याजोगं काही असेल तरच परिच्छेदाला सिद्ध करायला काम उरतं.

याच विषयात मुलं हमखास आणखी एक पुरावा देतात: पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. पण दांडा ८ सप्टेंबरला काढला, तोवर साथ ओसरू लागली होती, आणि हे खुद्द स्नो यांनीच लिहून ठेवलंय. गोष्ट म्हणून ती मनात ठसते, पुरावा म्हणून लंगडी पडते. ती गाळा, किंवा तिची मर्यादा सांगून वापरा. मर्यादा सांगितलेली मला तरी जास्त आवडते, कारण लिहिणाऱ्याने पुरावा तपासून घेतलाय हे तिथे दिसतं.

साहित्यावरच्या निबंधातही हेच. कवितेची ओळ उद्धृत करून ‘यातून दुःख दिसते’ म्हटलं की काम अर्धंच होतं. कवीने हाच शब्द का घेतला, जवळचा दुसरा घेतला असता तर काय हरवलं असतं, ते लिहा.

पहिलं वाक्य सुरुवातीलाच जमलं पाहिजे असं नाही. आधी मधला भाग लिहा, आपण काय सिद्ध केलं ते बघा, मग वरचं वाक्य त्याला जुळेल असं करा. शेवटी तेच पुन्हा सांगू नका.

आज एवढं करा: जुना एखादा निबंध काढा आणि त्यातले ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘यावरून दिसते’ अधोरेखित करा. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा, माझ्याशी असहमत असणारा माणूस याच पुराव्यावर काय म्हणेल? त्याला द्यायचं उत्तर तिथेच, त्या शब्दाच्या आधी लिहा.